देवळं उद्या, आज गेम सेंटर

तोक्योत येऊन आज अख्खी दुपार अकिहाबारातल्या गेम सेंटरमध्ये पडीक होतो. बायको म्हणाली, "एवढं तिकीट काढून हेच करायचं होतं?" हो, हेच!

खालच्या मजल्यावर टेडी उचलायची क्रेनची मशिनं. पंजा टेडीला धरतो, जरा उचलतो आणि अलगद सोडून देतो. गोड बोलून लूट. खरा माल वर. तैतो कंपनीच्या या 'हेय' नावाच्या सेंटरमध्ये जुने गेम अजून चालू आहेत. हीच ती तैतो, जिने १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' काढला. एक डाव १०० येन, म्हणजे आपले पन्नास-साठ रुपये. आमच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयात भागायचं, हा हिशोब डोक्यातून जाता जाईना.

'स्ट्रीट फायटर'ला इथे दोन मशिनं पाठीला पाठ लावून ठेवतात. म्हणजे समोरचा धू धू धुतोय, पण त्याचं तोंड दिसत नाही. हरल्यावर न राहवून वाकून पाहिलं. सुटाबुटातले, पन्नाशीचे काका! बॅग पायात, रुमालाने बोटं पुसतायत. मी मान झुकवली, त्यांनीही झुकवली आणि पुन्हा धुतलं.

आपल्याकडे मागे उभं राहून "अरे वरून मार, वरून!" ओरडणारी चार टाळकी असायची. इथे मशिनं केकाटतात, माणसं गप्प. ते मात्र चुकल्यासारखं वाटलं.

सेगासारख्या सेगाने, एवढ्या बड्या गेम कंपनीने, २०२२ मध्ये हा गेम सेंटरचा धंदा सोडला, तेव्हा ज्यांना जायचंय त्यांनी लवकर जा. सुट्टी नाणी न्या.