मांजरासाठी चिकन घेताना मी पाकीट आधी उलटं करते

आमच्या भुऱ्याला (बोका, वय सात, वजन साडेचार किलो) घरचं खाणं सुरू करून आता दोन वर्षं होतील, आणि तेव्हापासून ओळखीतल्या मांजरवाल्यांचं एकच पालुपद असतं, रेसिपी दे ना. रेसिपी मी कुणालाच देत नाही. लपवायचं म्हणून नाही, तर ती त्याच्या वजनाला आणि त्याच्या पोटाच्या जुन्या तक्रारीला धरून एका व्हेट मॅडमनी बसवून दिलेली आहे, त्या प्राण्यांच्या आहाराचंच काम करतात, आणि दुसऱ्याच्या मांजराला ती जशीच्या तशी चालेल असं मी कुठल्या तोंडाने सांगू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या मिळून ११४ रेसिपी तपासल्या होत्या, मांजराला लागणारं सगळं काही पुरवणारी त्यात एकही निघाली नाही. एकसुद्धा नाही! त्यामुळे रेसिपी तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

पण त्या रेसिपीसाठी दुकानातून मांस कुठलं उचलायचं, यावर मी तासभर बोलू शकते, कारण डॉक्टर कागदावर "बोनलेस चिकन ५०० ग्रॅम" एवढंच लिहितात आणि दुकानात गेलं की त्या एका ओळीची वीस पाकिटं समोर असतात.

पहिल्या वेळी मी उचललं ते गोठवलेलं चिकन ब्रेस्ट, एक किलो, छान पांढरंशुभ्र, एकसारखे गुबगुबीत तुकडे, बघूनच वाटलं की माझ्या लेकरासाठी हेच. रात्री पातेल्यात काढून फ्रीजमध्ये ठेवलं, सकाळी बघते तर पातेल्यात गुलाबीसर पाणीच पाणी. सहज म्हणून ते पाणी काट्यावर ठेवलं, १४० ग्रॅम भरलं. मग कढईत टाकलं तर तेल नाही पाणी नाही, नुसतं चिकन, तरी पाच मिनिटांत ते स्वतःच्याच पाण्यात उकळायला लागलं, वर पांढरा साबणासारखा फेस, आणि तुकडे आक्रसून निम्मे. मला वाटलं चिकनला पाणी सुटतंच. तीनचार दिवसांनी लक्षात आलं की भुऱ्या पाण्याच्या वाटीपाशी सारखा दिसतोय, जो बोका ओलं खाणं सुरू केल्यापासून पाण्याकडे ढुंकून बघत नव्हता तो दिवसातून दोनदा वाटी रिकामी करतोय. घाबरून मॅडमना फोन केला. त्यांनी पहिलं काय विचारलं तर, "पाकीट ठेवलंय का टाकलंत?" नशिबाने फ्रीझरमध्ये त्याच कंपनीचं दुसरं होतं, मागच्या बाजूचा फोटो पाठवला.

"अहो, हे नुसतं चिकन नाहीये," त्या म्हणाल्या, "ती बारीक अक्षरं वाचा मला."

वाचलं. चिकन ब्रेस्ट ८५ टक्के, पाणी, मीठ, सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट.

म्हणजे मांसात मिठाचं आणि फॉस्फेटचं पाणी सुया टोचून भरतात, त्याने वजन वाढतं आणि शिजल्यावर मांस रसरशीत लागतं, माणसाच्या ताटात एखाद्या वेळी ते खपूनही जातं. पण मांजराच्या खाण्यात त्याने अख्खा हिशोबच कोलमडतो. हे मला नीट सांगायचंय कारण बाकी सगळं यावरच उभं आहे. मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतंच आणि फॉस्फरस भरपूर, साधारण १ ला १५ ते २० अशा प्रमाणात, आणि मांजराला हे दोन्ही जवळपास बरोबरीने लागतात, कॅल्शियम किंचित जास्तच. नुसतं मांस खाऊ घातलं तर शरीर कॅल्शियमसाठी हाडं कोरायला लागतं, पिल्लांची तर हाडं चालताचालता मोडतात. म्हणून रेसिपीत अंड्याच्या कवचाची पूड किंवा कॅल्शियम कार्बोनेट ग्रॅमवर मोजून घालतात, आणि ते किती घालायचं हे मांसाच्या वजनावरून ठरतं. आता मी घातलं १ किलोच्या हिशोबाने, मांस होतं ८५० ग्रॅम, आणि वरून असा फॉस्फरस जो रेसिपी लिहिणाऱ्याने धरलेलाच नव्हता. असा वरून घातलेला फॉस्फेट मांसातल्या नैसर्गिक फॉस्फरसपेक्षा पटकन रक्तात उतरतो आणि मांजराची किडनी हा आधीच नाजूक अवयव, वय झालेल्या किती मांजरांना किडनीचाच त्रास असतो. भुऱ्याची लगेच रक्ततपासणी केली, सगळं ठीक निघालं, चिकन बदलल्यावर आठवड्याभरात पाणीही पहिल्यासारखं कमी झालं. पण तो आठवडा मी विसरणार नाही.

तेव्हापासून पाकीट हातात आलं की आधी उलटं. घटकांच्या यादीत एकच शब्द पाहिजे, चिकन, किंवा टर्की, किंवा जे काही असेल ते. पाणी, मीठ, स्टॉक, ब्रॉथ, सोल्यूशन, फॉस्फेट, स्टार्च यातलं काहीही दिसलं की परत ठेवायचं. काही पाकिटांवर फॉस्फेट नावाने नसतं, आकड्याने असतं, ई ४५०, ई ४५१, ई ४५२, हे तिन्ही तेच. आणि यादी संदिग्ध वाटली तर पोषणाच्या तक्त्यात सोडियम बघा, ही युक्ती मॅडमनीच शिकवली: साध्या कच्च्या चिकनमध्ये १०० ग्रॅमला साधारण ६० ते ८० मिलिग्रॅम सोडियम असतं, तिथे २००-३०० दिसलं तर त्यात काहीतरी भरलेलं आहे, समोर "ताजं" लिहिलेलं असो नाहीतर "नैसर्गिक". तक्त्यात सोडियमऐवजी मीठ दिलं असेल तर त्याला अडीचने भागा, म्हणजे ०.२ ग्रॅम मीठ म्हणजे ८० मिलिग्रॅम सोडियम, तेवढं चालेल. सुटं मांस घेत असाल आणि लेबलच नसेल तर सरळ विचारा की हे इंजेक्ट केलेलं आहे का, मीठपाण्यात ठेवलेलं आहे का. विचारायला लाजायचं कशाला.

आता कुठला तुकडा. मी ब्रेस्ट सोडून मांडीवर आले आणि मांजरासाठी मांडीच उजवी यात मला तरी शंका नाही. कारण टॉरिन, मांसात असणारं एक अमिनो ॲसिड. माणसाचं किंवा कुत्र्याचं शरीर टॉरिन बऱ्यापैकी स्वतः बनवतं, मांजराचं पुरेसं बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं, नाही मिळालं तर डोळ्याचा पडदा खराब होत जातो आणि हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगतं. हे हृदयाचं तर १९८७ पर्यंत नीट कळलंही नव्हतं, तोवर कितीतरी मांजरं विकतचं, चांगलं म्हणवलं जाणारं खाणं खाऊन जात होती, आणि टॉरिन दिल्यावर हृदय सुधारतं हे दिसलं तेव्हा कुठे कंपन्यांनी प्रमाण वाढवलं. चिकनच्या गडद मांसात, म्हणजे मांडी आणि तंगडीत, टॉरिन पांढऱ्या ब्रेस्टच्या जवळजवळ नऊ-दहापट असतं. हृदयात तर भरपूर. त्यामुळे कोंबडीची हृदयं मिळाली की मी आवर्जून घेते, भुऱ्यालाही ती प्रचंड आवडतात, चिरत असताना ओट्याखाली येऊन पायावर पंजा ठेवून बसतो. तरीही टॉरिनची पावडर वेगळी घालावीच लागते बरं का, कारण ते पाण्यात विरघळतं, शिजवताना, खिमा करताना थोडं थोडं निसटतं. उकडल्यावर उरलेलं पाणी म्हणूनच मी फेकत नाही, त्याच खाण्यात कालवते.

कातडी काढायची की ठेवायची हे रेसिपीत लिहिलंय तसंच करा. उगाच "हेल्दी" म्हणून काढू नका. मांडीचं कातडीसकट फॅट बिनकातडीच्या जवळजवळ चौपट असतं, म्हणजे एवढ्याशा गोष्टीने कॅलरी कुठल्या कुठे जातात, आणि मांजराला प्राण्यांची चरबी खरोखर लागते, त्यातलं ॲराकिडोनिक ॲसिड नावाचं गरजेचं फॅटी ॲसिड त्याला वनस्पतीच्या तेलातून बनवता येत नाही.

लिव्हरचं मात्र सांभाळून. गाजरातलं बीटा कॅरोटीन मांजराच्या उपयोगाचं नाही, त्याला तयार व्हिटॅमिन ए लागतं आणि ते लिव्हरमध्ये असतं, म्हणून थोडं हवंच, पण एकूण मांसाच्या पाच टक्क्यांच्या आसपास, रेसिपीत असेल तेवढंच. मांजरं लिव्हरवर तुटून पडतात, आपल्याला वाटतं खातंय तर देऊया अजून, आणि महिनोन्महिने जास्त झालं की मानेचे मणके एकमेकांना चिकटायला लागतात, मांजराला मान वळवून स्वतःची पाठ चाटता येत नाही. मी घरी आणल्याआणल्या लिव्हरचे वजन करून छोटे डबे करते, एका वेळच्या खाण्याला एक डबा, म्हणजे मोह होत नाही.

तयार खिमा मी घेत नाही. एक तर त्यात काय काय दळलंय, कातडी किती, चरबी किती, ते डोळ्यांना कळत नाही, आणि दुसरं म्हणजे अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक करून वरच्या बाजूला असतात, खिम्यात ते आतबाहेर सगळीकडे मिसळतात. खिमा हवा असेल तर दुकानात समोर तुकडा निवडून त्याचाच करून घ्या किंवा घरी करा. आणि "पाळीव प्राण्यांसाठी" म्हणून स्वस्तात मिळणारं ताजं मांस किंवा खिमा असतो ना, त्याबद्दल जरा जास्तच सावध राहा. त्यात टिकण्यासाठी सल्फाइट घातलेलं असू शकतं (ई २२० ते ई २२८), त्याने मांस दिवसेंदिवस लालबुंद राहतं, पण सल्फाइट थायमिनचा, म्हणजे बी १ चा नाश करतं, नुसतं त्या मांसातल्याच नाही तर त्यात मिसळाल त्या दुसऱ्या गोष्टीतल्याही. ऑस्ट्रेलियात याने मांजरं आजारी पडल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. आधी खाणं सोडतं, मग चालताना झोकांड्या, मग मान खाली वळून हनुवटी छातीला टेकते. असं काही दिसलं तर एक तासही थांबू नका, उचला आणि डॉक्टरकडे न्या, वेळेत बी १ चं इंजेक्शन मिळालं तर मांजर बरं होतं.

मॅरिनेट केलेलं, मसाला लावलेलं, भाजून तयार मिळणारं चिकन, हॅम, सॉसेज हे सगळं बाद. मिठाचं आहेच पण कांदा आणि लसूण, पावडर असली तरी, मांजराच्या लाल पेशी फोडतात. "थोडंसंच आहे वरवर, धुऊन टाकू" असं माझी बहीण म्हणायची. नाही ताई, धुऊन जात नाही ते.

मासे मी अधूनमधून चवीपुरते देते, मुख्य खाणं म्हणून कधीच नाही. बऱ्याच कच्च्या माशांत थायमिन तोडणारं एन्झाइम असतं, आणि तेलकट मासे, ट्यूना वगैरे रोज दिले नि व्हिटॅमिन ई कमी पडलं तर अंगातली चरबी सुजून पिवळी पडते, मांजराला नुसता हात लावला तरी दुखतं.

कच्चं द्यायचं की शिजवलेलं यावर मांजरवाल्यांत फार भांडणं होतात. मी शिजवते, आतपर्यंत ७४ डिग्री, थर्मामीटर टोचून बघते. साल्मोनेला आहेच, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर ती जोखीम त्यांचीही असते, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत कच्च्या गोठवलेल्या खाण्यातून बर्ड फ्लू होऊन मांजर गेल्याचं वाचल्यावर माझ्यापुरता तो प्रश्न मिटला. फ्रीझरने हा विषाणू मरत नाही. शिजवलेल्या मांसात हाड मात्र एकही नको, शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि आतडं फाडतं. बोनलेस म्हणून घेतलेल्या मांडीतही कुर्चेजवळ हाडाची कपची राहते कधीकधी, म्हणून मी प्रत्येक तुकडा बोटांनी दाबून बघते, वेळ लागतो, लागू दे.

ससा, टर्की, बदक, मटण काहीही चालतं, पण रेसिपी ज्या मांसावर बसवलीय तेच मांस. फॅट बदलतं, टॉरिन बदलतं. डेव्हिसलाच एका प्रयोगात मांजरांना अख्खा ससा दळून कच्चा दिला होता, मांजरं दिसायला एकदम तुकतुकीत, आणि काही महिन्यांनी त्यांच्यात टॉरिनची कमतरता निघाली, एक तर हृदयाने गेलं. केस चमकतायत म्हणजे सगळं बरं चाललंय असं धरता येत नाही हे मला त्यावरून कळलं, म्हणून भुऱ्याची दर सहा महिन्यांनी तपासणी असते.

खरेदीचं म्हणाल तर मांस सगळ्यात शेवटी घ्यायचं, तारीख बघायची, पाकीट फुगलेलं किंवा तळाशी पाणी साचलेलं नको, गोठवलेल्यात आत बर्फाचे मोठे खडे दिसले तर ते मध्ये एकदा वितळून परत गोठलंय असं समजून सोडून द्यायचं. ताजं चिकन फ्रीजमध्ये दोन दिवसांच्या वर नाही. शिजवलेलं खाणं मी तीन दिवसांपुरतं खाली फ्रीजमध्ये ठेवते, बाकीचं डब्यांवर तारीख लिहून फ्रीझरमध्ये.

आणि नवीन मांस एका दिवसात बदलू नका, जुन्यात थोडं थोडं मिसळत आठवडा-दहा दिवस घ्या. मांजराने तोंड फिरवलं तर "भूक लागली की खाईल" असं म्हणून उपाशी ठेवायचं नाही, मांजर दोनतीन दिवस जेवलं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेतू शकतं, जाड मांजराच्या बाबतीत तर जास्तच. भुऱ्याने ब्रेस्टवरून मांडीवर यायला अकरा दिवस घेतले. पहिले चार दिवस तो जुने तुकडे वेचून खायचा आणि नवे ताटलीच्या कडेला एका ओळीत काढून ठेवायचा, मी ते बारीक कुस्करून कोमट पाण्यात कालवून परत द्यायचे. आता मॅडमना टर्कीची रेसिपी मागितलीय, गोठवलेल्या टर्कीची दोन पाकिटं बघून आले, दोन्हीवर मागे मीठपाणी होतं, तिसरं शोधतेय.