मागे बँकर कुठाय? बाबांबरोबर कूर ते तिरानो

सेंट मॉरिट्झच्या फलाटावर लाल गाडी लागली तसे बाबा तरातरा शेवटच्या डब्यापर्यंत गेले, मागून वाकून पाहिलं आणि परत आले. "काय गं, तू म्हणालीस सात टक्के चढ आहे. म्हणजे वन इन फोर्टीन. मग मागे बँकर कुठाय?"

बाबांची रेल्वेतली बहुतेक नोकरी कर्जत-लोणावळा घाटात गेली. तिथला चढ वन इन थर्टीसेव्हन, म्हणजे सदतीस मीटरांत एक मीटर वर, आणि तेवढ्यासाठीसुद्धा कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला इंजिनं लावतात, तेच बँकर. त्यामुळे शहात्तराव्या वर्षी आल्प्सला निघालेल्या या माणसाला मॅटरहॉर्न, चॉकलेट वगैरेचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांना आणि मला एकच लाइन बघायची होती: स्वित्झर्लंडच्या पूर्वेला ग्राउब्युंडेनमधल्या कूरपासून इटलीतल्या तिरानोपर्यंत जाणारी रेटिश रेल्वेची मीटरगेज. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. पाच दिवस आम्ही तेवढंच केलं. 'आठ दिवसांत पाच देश' करून आलेल्या शेजाऱ्यांना हे अजून पटलेलं नाही.

हा अख्खा रस्ता गाडी न बदलता चार-सव्वाचार तासांत होतो. त्यासाठी मोठ्या काचांची पर्यटकांची गाडी आहे, तिला आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे. माझं मत विचाराल तर तिच्या नादी लागू नका. त्याच रुळांवरून दर तासाला साधी गाडी जाते, तिला आरक्षण लागत नाही, कुठेही उतरा, तासाने पुढची पकडा. बर्निनाच्या, म्हणजे सेंट मॉरिट्झ ते तिरानोच्या बाजूला नव्या इंजिनगाडीमागे पुष्कळदा जुने डबे जोडलेले असतात आणि त्यांच्या खिडक्या खाली सरकतात. फोटो काढणाऱ्याला यापेक्षा काय हवं? ऐन उन्हाळ्यात काही गाड्यांना पिवळे उघडे डबेही लावतात. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा हंगाम संपला होता.

कूरहून निघताना जाणाऱ्या दिशेची उजवी खिडकी धरा. तूसिसपर्यंत पेंगलात तरी चालेल, खरा घाट तिथून. तूसिस ते सेंट मॉरिट्झ ही अल्बुला लाइन १९०३-०४ मध्ये सुरू झाली. आधी सोलिसचा ८९ मीटर उंच पूल येतो, पण तुम्ही त्याच्यावरच असता, त्यामुळे तो दिसत नाही, नुसता पोटात गोळा येतो. तीफेनकास्टेल गेलं की मात्र उठून उभे राहा. लांडवासरचा पूल ६५ मीटर उंच, सहा कमानींचा, १०० मीटर त्रिज्येच्या वळणात बांधलेला, आणि त्याचं पलीकडचं टोक थेट उभ्या कड्यातल्या बोगद्यात घुसतं. बाहेरून परांची न बांधता, खांबांच्या आत लोखंडी मनोरे उभे करून त्यांवरच्या क्रेननी दगड चढवले. गाडीतून हा पूल अर्ध्या मिनिटात संपतो. म्हणून पुढच्याच फिलिझूर स्टेशनात उतरायचं आणि पाऊण तास जंगलातून चालत मागे यायचं. वाट सोपी आहे, बाबांनी काठी न घेता केली. आम्ही खाली बसून घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या आणि चार गाड्या जाऊ दिल्या.

फिलिझूरनंतर बेर्ग्यून, आणि मुक्काम करायचाच तर तो इथे. बेर्ग्यून १,३७३ मीटरवर, पुढचं प्रेडा १,७८९ मीटरवर. दरीतून मधलं अंतर जेमतेम साडेसहा किलोमीटर. तेवढ्यात ४१६ मीटर चढायचं आणि चढ साडेतीन टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, म्हणून रूळ डोंगराच्या पोटात गोल गोल फिरवून जवळजवळ दुप्पट लांब केले आहेत. घराच्या खिडकीतून एकच गाडी आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग थेट डोक्यावर दिसते. पहिल्या संध्याकाळी बाबा घड्याळ लावून बसले होते, ती कुठून कितव्या मिनिटाला निघते ते लिहीत. प्रेडा ते बेर्ग्यून रुळांच्या कडेने उतरणारी पायवाट आहे, अडीच-तीन तास लागतात. प्रेडापर्यंत गाडीने जा आणि चालत उतरा, उलटं करू नका. हिवाळ्यात तिथला रस्ता बंद करून सहा किलोमीटर घसरगाडीची वाट करतात आणि माणसांना घसरगाड्यांसकट परत वर न्यायला रेल्वे असते.

बेर्ग्यूनच्या स्टेशनाबाहेर एक तपकिरी इंजिन उभं आहे. दोन्ही बाजूंना लांब नाक, मध्ये खोली, खाली चाकांना जोडणारे दांडे. तिकडे त्याला 'मगर' म्हणतात. १९२१ ते १९२९ दरम्यान अशी १५ बनली. बाबा त्याच्याजवळ गेले आणि दांड्याला हात लावून म्हणाले, "अगं, हा तर आपला खेकडा!"

खेकडा म्हणजे जीआयपीच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या) घाटात धावलेलं डब्ल्यूसीजी-१ जातीचं इंजिन. तेच नाक, तेच दांडे. बाबा १९७१ साली असिस्टंट म्हणून कल्याणला लागले तेव्हा खेकडे म्हातारे झाले होते, पण होते. "उभं राहिलं तरी कण्हायचं गं ते. आणि चालायला लागलं की दांड्यांचा स्वॉश, स्वॉश." साम्य काही योगायोगाचं नाही. आपले पहिले खेकडे स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्याच एसएलएम कारखान्यात बनले, बाकीचे त्याच नकाशावरून इंग्लंडमध्ये, आणि ही मगरसुद्धा विंटरथूरचीच. एक खेकडा सीएसएमटीला हेरिटेज गल्लीत आहे, जमलं तर जाण्याआधी बघून घ्या. बेर्ग्यूनच्या मगरीत गाडी चालवण्याचा खेळ बसवला आहे, खऱ्या कॅबमध्ये, समोर पडद्यावर अल्बुला लाइन. बाबांनी दोन फेऱ्या मारल्या. मागे रांगेत एक आठ वर्षांचा मुलगा होता, त्याला तिसरी मिळाली. शेजारच्या संग्रहालयाला अर्धा दिवस ठेवा.

प्रेडाला १९०३ पासूनचा ५,८६५ मीटरचा बोगदा होता. त्याला लागूनच नवा खणला, तो २०२४ मध्ये सुरू झाला. गाडी आता नव्यातून जाते, जुना सुरक्षेसाठी राखला आहे. पलीकडे एंगाडिनचं खोरं. सेंट मॉरिट्झमध्ये श्रीमंतांची दुकानं आणि एक सुंदर तळं आहे, आम्ही फक्त गाडी बदलली. तारेतली वीजही इथे बदलते: अल्बुलाची ११,००० व्होल्ट एसी संपते आणि बर्निनाची १,००० व्होल्ट डीसी सुरू होते. घाटात १,५०० डीसीवर जन्म काढलेल्या बाबांना हे ऐकून माहेरी आल्यासारखं वाटलं.

तर बँकर. गाडीच्या अंगावर एबीई ८/१२ असं लिहिलेलं असतं. अर्थ सरळ आहे, बारा आसांपैकी आठांवर मोटर. ओझं ओढणारी चाकंच इतकी की ढकलायला कोणी लागत नाही, दातेरी रूळ तर नाहीच. माथेरानच्या गाडीला वन इन ट्वेंटी चढ आहे, हा त्याहून तिखट. बाबांनी ऐकून घेतलं, पण पहिल्या वळणावर खिडकीतून मान काढून चाकं घसरतायत का ते बघितलंच. जुन्या डब्यांना आपल्याकडच्या जुन्या गाड्यांसारखे व्हॅक्यूम ब्रेकचे पाइप दिसले तेव्हा मात्र त्यांचा चेहरा खुलला.

इथेही उजवीच बाजू. मोर्तेराचची हिमनदी, मग लागो बियांको. हे पांढुरकं तळं २,२५३ मीटरवरच्या ओस्पिझिओ बेर्निना स्टेशनाला खेटून आहे. याचं पाणी एड्रियाटिक समुद्राला जातं आणि बांधाच्या अलीकडच्या काळ्या तळ्याचं काळ्या समुद्राला. पुढच्या आल्प ग्र्यूमला उतराच. मोटारीचा रस्ता तिथवर येत नाही. स्टेशनातच खाण्याची सोय, समोर पाल्यूची हिमनदी, आणि खाली गाडी ज्या वळणांनी उतरणार ती सगळी पायांशी. सप्टेंबरातही दुपारी बोटं गारठली, कानटोपी हवीच.

आता आमची फजिती. लहान थांब्यांवर गाडी सांगितल्याशिवाय थांबत नाही. आत बसला असाल तर डब्यातलं बटण, फलाटावर असाल तर तिथल्या खांबावरचं. आम्ही अशाच एका थांब्यावर बटण न दाबता हात करत उभे राहिलो. ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं, आम्ही त्याच्याकडे, आणि गाडी गेली. पुढची एका तासाने. मी चिडले होते. बाबा थर्मासमधला चहा ओतत म्हणाले, "सिग्नल दिला नाहीस, त्याचं काय चुकलं?"

ओस्पिझिओपासून तिरानोपर्यंत ३८ किलोमीटरांत १,८२४ मीटर उतार. वर बर्फ, खाली द्राक्षांचे मळे. पोस्कियावोचं तळं तेवढं डावीकडे येतं. ब्रूझिओला उघड्या माळावर नऊ कमानींचा पूल आहे. गाडी त्यावरून गोल फिरते आणि स्वतःच्याच पुलाखालून बाहेर पडते. शेवटी तिरानोत ती ट्रामसारखी चर्चसमोरच्या चौकातून, मोटारींच्या मधून जाते. इटली शेंगेनमध्येच असल्याने व्हिसा तोच, पण पासपोर्ट जवळ ठेवा. स्विस ट्रॅव्हल पास तिरानोपर्यंत चालतो. मिलानला जायचं तर इटालियन स्टेशन समोरच आहे, अडीच तास.

खाण्याचं थोडक्यात. तिरानोला पित्सोकेरी खा: कुट्टूच्या पिठाच्या जाड शेवया, बटाटा, कोबी, चीज आणि लसणाचं लोणी. शाकाहारी आणि पोटभर. ग्राउब्युंडेनचे कापुन्स दिसायला अळूच्या उंड्यांसारखे, पण आत बहुधा वाळवलेल्या मांसाचे तुकडे असतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. बाकी हॉटेलं महागच. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, कूरच्या कूप किंवा मिग्रो या दुकानांतून सामान भरा. सामान कमी ठेवा, जुन्या डब्यांच्या पायऱ्या उंच आहेत. दिवसाचा स्वस्त पास लवकर घेतला तर बराच कमी पैशांत पडतो, आम्ही तो आळसात घालवला.

परत येताना उजवीकडचं सगळं डावीकडे जातं, बसताना तेवढं ध्यानात ठेवा. बाबांनी दोन्ही वेळा इंजिनामागची पहिली खिडकी धरली. आवाज तिथेच नीट येतो म्हणाले.