भंडारदऱ्याला तारे बघायला गेलो होतो, जाणाऱ्यांसाठी थोडं

मार्गशीर्ष अमावस्या धरून मी, बायको आणि दोन्ही मुली मुंबईहून निघालो, कसारा घाट, इगतपुरी, घोटी करत भंडारदऱ्याच्या शेंडी गावाला पोचलो. तारीख ठरवताना आधी अमावस्या बघा आणि मग सुट्टी, कारण चंद्र असेल तर निम्मे तारे दिसतच नाहीत. बुकिंग करताना लाइट किती वाजता बंद करता हे फोनवरच विचारून घ्या. आमच्या पहिल्या कॅम्पवर बारा वाजेपर्यंत हॅलोजन चालू होते, ती रात्र वाया गेली.

दुसऱ्या रात्री जलाशयाच्या उत्तर काठाला एका मावशींकडे राहिलो. जेवून अंगणात चटया टाकल्या, मोबाइल पिशवीत ठेवले, वीसेक मिनिटांत डोळे सरावले आणि मग काय ते आकाश! पूर्वेला मृग वर आलेला. मुलींना दाखवलं, चार कोपऱ्यांचे तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले ओळीतले तीन म्हणजे घुसलेला बाण, तीच रेघ पुढं नेली की बाण मारणारा व्याध. मावशी म्हणाल्या, "आमी त्याला तिकांडं म्हनतो." ग्रीकांना तर याच ताऱ्यांत हरीण नाही, शिकारी दिसला. खगोलशास्त्रज्ञांनी आता आकाशाचे 88 भाग ठरवून दिलेत पण वर रेघा कुठंच नाहीत, व्याध 8.6 प्रकाशवर्षांवर आणि मृगातला निळसर राजन्य साडेआठशेच्याही पलीकडे, शेजारी वाटतात ते आपण इथून बघतो म्हणून.

एकच्या सुमारास दक्षिणेला अगस्तीचा तारा दिसला, हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली तर जेमतेम दोन मुठी वर, म्हणून दक्षिणेला डोंगर आड येणार नाही अशीच जागा निवडा. अकोले तालुक्यात बसून अगस्ती बघायचा, अगस्ती ऋषींचा आश्रम पण याच तालुक्यात, मला भरून आलं.

दोन वाजता ईशान्येला सप्तर्षी पूर्ण वर आले. मावशी अजून जाग्या होत्या. "ती म्हातारीची बाज, चार पाय, आन् मागं तीन चोर. म्हातारी झोपली का बाज नेनार, पर ती झोपतच न्हाई." धाकटी मग झोपायलाच तयार होईना.

दव खूप पडतं, चटईखाली प्लास्टिक घाला, कानटोपी आणि जाड ब्लँकेट हवंच. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. पेट्रोल घोटीलाच भरून घ्या.