जुनी सात बाय बेचाळीस

नवी दुर्बीण घेऊन आठ महिने झाले होते, आणि ती वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही. दहा बाय बेचाळीस, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं. रंगीत कडा कमी करणारी ईडी काच, कडेपर्यंत धारदार चित्र, पाण्यात पडली तरी चिंता नाही. बसलेल्या घारीच्या पंखातली पिसं वेगवेगळी मोजता यायची. फक्त अर्धा तास झाला की मला मळमळायला लागायचं.

आधी वाटलं चष्म्याचा नंबर बदलला असेल. तपासून घेतला, जसाच्या तसा होता. मग लक्ष ठेवायला लागले तेव्हा कळलं, की एका जागी बघताना काहीच होत नाही, त्रास होतो तो दुर्बीण फिरवताना. उडत्या बगळ्यामागे डावीकडून उजवीकडे गेले की मागची झाडं सरळ सरकायच्या ऐवजी एखाद्या मोठ्या चेंडूवर चिकटवल्यासारखी गोल वळत जायची. याला रोलिंग बॉल म्हणतात. गंमत अशी की हा त्रास चित्र सुधारायला गेल्यामुळे होतो. सरळ रेषा कडेपर्यंत अगदी सरळ ठेवल्या की दुर्बीण फिरवताना काहींच्या मेंदूला हा भास होतो. सगळ्यांना नाही. माझ्याबरोबरच्या दोघांनी तीच दुर्बीण तासभर वापरली आणि मी कशाबद्दल बोलतेय तेच त्यांना कळेना. जुन्या दुर्बिणींमध्ये कडेला थोडी वक्रता मुद्दाम ठेवलेली असायची ती याचसाठी. अशा दुर्बिणीत विजेचा खांब चित्राच्या कडेला नेला की तो कमरेत आत ओढल्यासारखा वाकतो. कागदावर हा दोष, डोळ्याला मात्र आराम.

दुसरी तक्रार माझ्या हातांची. दहापट मोठं दिसतं म्हणजे हाताचा थरथराटही दहापट दिसतो. पंचविशीत हे जाणवलं नसतं.

आमच्या गटातले एक काका गळ्यात कायम एक लांबुडकी काळी दुर्बीण अडकवून येतात. रबर जागोजागी गुळगुळीत झालेलं, आयकप, म्हणजे डोळ्यांना टेकणारी रबरी कडी, दुमडून दुमडून चिरलेले. एका संध्याकाळी माझी कुरकुर ऐकून त्यांनी ती पुढे केली. मी सवयीने चष्मा काढायला गेले.

"चष्मा राहू द्या. आयकप दुमडा फक्त."

पाण्यावर अंधार पडत आला होता. माझ्या दुर्बिणीतून काठालगतची बदकं म्हणजे नुसते काळे ठिपके झाले होते. या जुनीतून त्यांची चोच कुठली आणि शेपूट कुठलं ते कळत होतं. पण मला खरं भावलं ते वेगळंच. मी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि चित्र आलं. एवढंच. नवी लावताना आधी थोडं वर-खाली, पुढे-मागे करावं लागायचं, डोळ्याची बाहुली जरा इकडेतिकडे झाली की कडेने काळी सावली यायची. इथे ते काहीच नाही.

"झाइसची डायलिट, सात बाय बेचाळीस," काका म्हणाले. "आता निघत नाही."

घरी येऊन हिशेब केला. बेचाळीस भागिले सात, म्हणजे डोळ्याशी येणारा प्रकाशाचा झोत सहा मिलिमीटर रुंद. माझ्या नव्यात बेचाळीस भागिले दहा, चार पूर्णांक दोन. भर दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडलेली असते, तेव्हा सहा म्हणजे उधळपट्टी, असं कोणी म्हणेल. पण त्या जादा रुंदीमुळेच डोळ्याला हलायला मोकळीक मिळते. शिवाय तिच्यात हजार मीटरवर दीडशे मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. माझ्या दहापटीत त्याहून बराच कमी मावायचा. झाडीत हललेलं काय होतं ते शोधायला हा फरक फार मोठा आहे.

इथून पुढचे पाच महिने अशी एक दुर्बीण मिळवण्यात आणि ती माणसात आणण्यात गेले.

सर्वात आधी शिकले ती अंगावरची अक्षरं. बी म्हणजे चष्मेवाल्यांसाठीचं आयपीस (डोळ्याकडची भिंगं), जीए म्हणजे रबरी कवच, टी-स्टार म्हणजे काचेवरचं अनेक थरांचं कोटिंग, म्हणजे लेप. आणि पी. या पी-साठी मी दोन चांगल्या दुर्बिणी सोडल्या, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत छपराच्या आकाराचा लोलक असतो, रूफ प्रिझम. येणारा प्रकाश छपराच्या कण्यावर दोन भागांत विभागला जातो आणि पुढे परत एक होतो, पण एक होताना दोन्ही भागांच्या लहरी एकमेकींशी नीट जुळत नाहीत. चित्र अंधुक होत नाही, पण त्यातला बारीक उठाव जातो. जुन्या पद्धतीच्या, खांद्याशी रुंद असलेल्या पोरो दुर्बिणीत हा प्रश्नच नसतो, म्हणून कित्येक वर्षं जाणकार पोरोच बरी म्हणत आणि त्यांचं बरोबर होतं. १९८८ मध्ये झाइसने लोलकावर या लहरी जुळवणारं फेज कोटिंग द्यायला सुरुवात केली आणि हा फरक मिटला. पी अक्षर म्हणजे ते कोटिंग. प्रकाश वाया जाण्याचा प्रश्न त्याआधीच बराचसा सुटला होता. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग चारेक टक्के प्रकाश परत फेकतो आणि दुर्बिणीत असे दहा-पंधरा पृष्ठभाग असतात. त्यावरचा पहिला उपाय, काचेवर पातळ लेप चढवण्याचा, झाइसच्याच स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधला. अनेक थरांचे लेप आले तेव्हा ही गळती अगदी थोडी उरली.

डायलिटमध्ये आणखी एक सोय आहे. आजच्या बहुतेक आटोपशीर दुर्बिणींच्या लोलकात एका पृष्ठभागावर आरसा चढवावाच लागतो. आधी ॲल्युमिनियमचा असायचा, मग चांदीचा आला, आता धातूऐवजी पारदर्शक डायइलेक्ट्रिक थरांचा असतो. डायलिटमधला आबे-क्योनिग लोलक लांब असतो, पण त्यात आरसा लागतच नाही, सगळं परावर्तन काचेतच होतं. म्हणून ती लांबुडकी आहे आणि म्हणूनच या वयातही उजळ आहे. थोडक्यात, १९८८ नंतरची चांगली जुनी दुर्बीण घेतली तर हातातून फारसं काही सुटत नाही, असं माझं मत झालं. नव्या सुधारणा आहेत, पण त्या कडेकडेच्या आहेत. आणि कडेकडेच्या सुधारणांनीच मला मळमळत होतं!

पहिली मिळाली ती बाहेरून लखलखीत. विकणाऱ्याने "क्वचितच वापरलेली" म्हणून दिली. पाच मिनिटं बघितलं, उत्तम. वीस मिनिटांनी भुवयांच्या मध्ये ताण. वाटलं सवय होईल. तिसऱ्या दिवशी दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतली आणि समोरचं फाटक क्षणभर दोन दिसलं, एक दुसऱ्याच्या किंचित वर. तेव्हा ट्यूब पेटली. दोन्ही नळ्यांची दिशा जुळत नव्हती, ज्याला कॉलिमेशन गेलं म्हणतात. बहुधा कधीतरी पडली असावी. आपला मेंदू फार आज्ञाधारक असतो, दोन चित्रं ओढूनताणून एक करत राहतो आणि आपल्याला वाटतं दुर्बीण चांगली आहे, आज डोकंच दुखतंय. डोळे आतल्या बाजूला सहज वळतात, बाहेर जेमतेम, आणि एक वर एक खाली असे तर जवळजवळ नाहीतच. म्हणून वर-खालीची चूक सगळ्यात जाचक.

हे ओळखायची युक्ती मग काकांनी दाखवली. दूरच्या एखाद्या आडव्या रेषेवर, समजा छपराच्या कडेवर, दुर्बीण लावायची आणि ती हळूहळू डोळ्यांपासून वीतभर लांब न्यायची. दोन गोल वेगळे दिसायला लागतात. दोन्हींत ती रेषा एकाच उंचीवर हवी. रात्रीची परीक्षा याहून कडक. एक ठळक तारा घ्यायचा, उजव्या बाजूचं डायॉप्टर (एकाच डोळ्याचा फोकस वेगळा जुळवायचं कडं) पूर्ण फिरवून त्या डोळ्यात ताऱ्याची फुगलेली चकती करायची, डाव्या डोळ्यात तो टिंबाएवढाच ठेवायचा. टिंब चकतीच्या मधोमध आलं तर सुटलो. माझं टिंब चकतीच्या बाहेर होतं. दुर्बीण परत केली. विकणाऱ्याने परत घेतली, पण भरपूर तोंडसुख घेऊन.

दुसरी समोरासमोर बघायला मिळाली आणि तोवर मी टॉर्च बाळगायला शिकले होते. दुर्बीण उलटी धरायची, एका टोकाकडून तिरका प्रकाश टाकायचा आणि दुसऱ्या टोकाने आत बघायचं. नुसतं तिच्यातून बघितलं तेव्हा काही दिसलं नव्हतं. टॉर्च लावल्यावर लोलकावर कोळिष्टकासारखी जाळी, एका कोपऱ्यातून फांद्या फुटत गेलेली. बुरशी. ती नुसती वर बसलेली असेल तर पुसली जाते, पण तिने कोटिंग खाल्लं असेल तर पुसूनही नक्षी राहते, आणि कुठलं ते उघडल्याशिवाय कळत नाही. नमस्कार केला आणि निघाले.

तिसरी मात्र घेतली. बुरशी नाही, दिशा जुळलेली, पी अक्षर जागेवर. पण टॉर्चमध्ये सगळं दुधाळ दिसत होतं, थंडीत खिडकीवर श्वास टाकावा तसं, आणि फोकसचं चाक फिरवायला दोन बोटं पुरत नव्हती. दोन्हींच्या मुळाशी जुनं ग्रीस. वर्षानुवर्षं एका जागी पडून ते चिकट होतं आणि त्यातून सुटलेली वाफ काचांवर बसते. हे दुरुस्त होण्यासारखं आहे, एवढं मला वाचून माहीत होतं.

स्वतः उघडायचा मोह झाला नाही, कारण तो मोह मी आधी एकदा केला होता. घरातल्या एका जुन्या पोरोचे लोलक साफ करायला म्हणून बाहेर काढले, कुठला कुठे आणि कुठल्या तोंडाने बसला होता त्याची खूण केली नाही. ती दुर्बीण आज एका पुठ्ठ्याच्या खोक्यात सुट्या भागांत राहते.

दुरुस्ती करणारा शोधणं हेच मुख्य काम निघालं. दोघांनी नाव ऐकूनच नको म्हटलं. तिसऱ्याने आधी फोटो मागवले, मग टॉर्च लावून काढलेले फोटो मागवले, मग विचारलं, "पडलीय का कधी? खरं सांगा." मी माहीत नाही म्हणाले. "मग उघडल्यावर दुर्बीणच सांगेल." अकरा आठवडे गेले. मध्ये एकदा फोन आला, की काचा स्वच्छ झाल्या, कोटिंग शाबूत आहे, पण आयकपचं रबर गेलंय आणि त्या मापाचं मिळेल ते बसवतोय, चालेल ना? चालेल म्हटलं. सुटे भाग हीच जुन्या वस्तूची खरी रड आहे. काच चाळीस वर्षं टिकते आणि रबराचं कडं दगा देतं.

ती परत आली त्या संध्याकाळी दोन्ही दुर्बिणी घेऊन बाहेर पडले. नवीला तिचं श्रेय द्यायलाच हवं. उजळ आभाळासमोर काळ्या फांदीला जुनीत जांभळट कड दिसते, नवीत जवळपास नाही. कडेचा तारा नवीत टिंबच राहतो, जुनीत त्याला शेपूट फुटतं. नवीचा पांढरा पांढराच, जुनीचा किंचित पिवळसर. आत वाफ धरू नये म्हणून भरतात तो नायट्रोजन जुनीत नाही, त्यामुळे पावसात ती पिशवीत राहते आणि घरी सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात झोपते. लांबच्या पक्ष्याच्या पायातली कडी वाचायची तर दहापटीला पर्याय नाही.

तरी तासाभराने माझ्या लक्षात आलं की मी जुनीच उचलतेय. फोकसचं चाक आता लोण्यासारखं फिरत होतं, आणि सातपटीत जवळचं-लांबचं इतकं एकदम स्पष्ट दिसतं की ते फार फिरवावंही लागत नाही. एक बगळा उठला, मी त्याच्यामागे पूर्ण वळले, झाडं जागच्या जागी सरळ सरकली. पोटात काही झालं नाही. तो पलीकडे उतरेपर्यंत मी बघत राहिले आणि मग आठवलं, की दुसरी दुर्बीण कट्ट्यावरच राहिलीय.

नवी विकायचं मनात होतं, पण फुलपाखरांच्या दिवसांत विकता येत नाही. ती दोन मीटरवरचं बघते, जुनीला निदान साडेतीन मीटर लागतात. जुनीच गळ्यात असली आणि समोरच्या झुडपावर काही बसलं, तर मी न वळता तीन पावलं मागे सरकते. तोवर ते बहुतेकदा उडालेलं असतं.