अडीच महिन्यांच्या लेकीचं पहिलं विमान

लेक अडीच महिन्यांची असताना तिला घेऊन मी नऊ तासांचा विमानप्रवास केला. तयारीत सगळ्यात जास्त दमवलं ते तिच्या पासपोर्टच्या फोटोनं. डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं. पांढऱ्या चादरीवर निजवून वरून चाळीसेक फोटो काढले, तेव्हा कुठे एक जमला.

बासिनेट (विमानात बाळाला निजवायचा छोटा पाळणा) हवं असेल तर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. ते समोर भिंत असलेल्या रांगेतच लागतं. आणि पट्टा बांधायचा दिवा लागला की गाढ झोपलेल्या बाळालाही उचलून मांडीवर घ्यावं लागतं. आमचं तीनदा झालं.

मला खरी धास्ती होती तिच्या कानांची. विमान उतरताना केबिनमधला दाब वाढतो, आणि बाळाला आपल्यासारखा मुद्दाम आवंढा गिळता येत नाही. दूध पिताना मात्र कान आपोआप मोकळे होतात. म्हणून उतरण्याची घोषणा झाल्याबरोबर पाजायला घेतलं. ती चुटूचुटू प्यायली, मध्येच थांबली. कपाळावर आठी, खालचा ओठ थरथरायला लागला. मी गालावरून बोट फिरवलं, तशी पुन्हा ओढू लागली. चाकं टेकली तेव्हा माझी करंगळी तिच्या मुठीत घट्ट होती.