बेरीज थांबली तो दिवस

"मॅडम, थांबली! बेरीज थांबली."

बीएस्सी दुसऱ्या वर्षाचं सी प्रोग्रॅमिंगचं प्रॅक्टिकल होतं. 1 + 1/2 + 1/3 + 1/4... ही हार्मोनिक सीरिज फ्लोटमध्ये (सीमधला दशांश संख्यांचा प्रकार) बेरीज करायला दिली होती. अर्ध्या बॅचचं उत्तर 1 वरच अडकलेलं, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की सी अपूर्णांक टाकून देते. दरवर्षी हे होतंच. मी तेच दुरुस्त करत फिरत होते.

शेवटच्या मशीनवरची मुलगी मात्र एक कोटी पदांपर्यंत गेली होती, दर लाखाला बेरीज छापत. 10 लाखांना 14.357. 21 लाखांना 15.403683. 22 लाखांना तेच. खाली एक कोटीपर्यंत ऐंशी ओळी, एकच आकडा.

"पण सकाळी तर तुम्ही सिद्ध करून दाखवलंत, की ही कुठेच थांबत नाही."

दाखवलं होतं खरं. चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेमने दिलेली सिद्धता: 1/3 आणि 1/4 मिळून अर्ध्याहून जास्त, 1/5 ते 1/8 मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, पुढची आठ पदं घ्या, मग सोळा... प्रत्येक गटाला किमान अर्धा, आणि गट कधी संपत नाहीत. मला ही सिद्धता फार आवडते. वही-पेनाशिवाय डोक्यात मावते.

मग स्क्रीनवर हे काय? आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. फ्लोटला 24 बायनरी अंकांची जागा. 8 ते 16 या पट्ट्यात लागोपाठच्या दोन फ्लोट संख्यांमधलं अंतर 1/1048576. आपण मिळवतोय ते पद 1/2097152 झालं, म्हणजे त्या अंतराच्या निम्मं, की राउंडिंगमध्ये बेरीज पुन्हा जागच्या जागी. पुढची पदं तर आणखी लहान. मशीन प्रत्येक पद इमानाने मिळवत होतं आणि हाती काहीच लागत नव्हतं.

"म्हणजे तिथपर्यंतचं 15.40 तरी बरोबर ना?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. लॉगॅरिदम आणि ऑयलरचा स्थिरांक 0.5772 घेऊन मांडून पाहिलं: 2097152 पदांची खरी बेरीज 15.1333. म्हणजे थांबण्याच्या कितीतरी आधीपासून राउंडिंगच्या चुका साचत होत्या, आणि उत्तर चक्क जास्त आलं होतं!

ती थोडा वेळ गप्प बसली. मग काही न बोलता बेरजेचा लूप उलटा केला, 1/2097152 या सर्वांत लहान पदापासून 1 कडे. लहान लहान पदं आधी आपापसात मिळून मोठी होऊ लागली, की हरवत नाहीत. रन केलं. 15.13.

प्रॅक्टिकलची वेळ केव्हाच संपली होती, शिपाईकाका किल्ल्या घेऊन दारात उभे. तिने जर्नलमधलं 'उत्तर: 15.4037' खोडलं, बाजूला दोन्ही लूप लिहिले आणि विचारलं, "मॅडम, फ्लोटऐवजी जास्त अंकांचा डबल घेतला तर कुठे थांबेल?"