जाईचं स्पेलिंग

नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात मी नोंदणीच्या खिडकीवर बसतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाव मात्र १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. त्यामुळे बारसं उरकलं की लोक येतात.

त्या सोमवारी एक जोडपं आलं. अर्जावर मराठीत ‘जाई’, इंग्रजीत जे, ए, ए, ई, ई. अंकशास्त्रवाल्याची चिठ्ठी घेऊन एखादा ‘ए’ वाढवायला येणारे मी नेहमी पाहतो. हेही त्यातलेच, असं धरून मी म्हणालो, “ताई, सरळ जे-ए-आय लिहा की. पोरीला जन्मभर स्पेलिंग सांगत बसावं लागेल.”

ताईंनी वाद घातला नाही. कागदावर ती तीन अक्षरं लिहून रांगेतल्या मागच्या पोराला दाखवली.

“काय लिहिलंय रे?”

“जय.”

“बघा. मुलगी आहे माझी.” मग हळूच म्हणाल्या, “माझं नाव सई. एस-ए-आय. दिल्लीला शिकायला गेले, तर नाव मुलांच्या वसतिगृहाच्या यादीत. पुढे दोन वर्षं सगळ्यांची मी साईच. शेवटी त्यालाच ओ द्यायला लागले. माझं खरं नाव सुट्टीत घरी आल्यावरच कानावर पडायचं.”

मला ते लागलं. सई म्हणजे शिवाजी महाराजांच्या राणीचं नाव, आणि तेही एका कान्यानं पुसलं जावं! आपली नावं काना-वेलांटीवर उभी असतात. रमा आणि राम, आर्य आणि आर्या, इंग्रजीत लिहिले की एकच. म्हणून कुणी सईच्या शेवटी वाय आणि दोन ई लावतं, कुणी शर्वचा शेवटचा ए गाळतं, नाहीतर त्याचा शर्वा होतो. अशा किती आईबापांना मी या खिडकीतून ‘साधं लिहा’ म्हणून परत पाठवलं असेल, याचं आजही वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र बजावली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो, तेव्हा आधारवरही हीच पाच अक्षरं हवीत. वडिलांनी ती मोबाइलमध्ये टिपून घेतली.

मी तपासणीची प्रत काढून दिली. ताईंनी मराठी नावावर बोट ठेवलं आणि ती त्याच पोरापुढे धरली.

“जाई,” तो म्हणाला.

ताईंनी सही केली.